गच्चीकरांमधला मोठा माणूस

सोमवार, २ सप्टेंबर

डेपोतून दरवर्षी एक डायरी मिळते आणि दरवर्षी आमची ही तिची पानं फाडून कपाटात अंथरते. यंदा मी ती मागून घेतली. काही गोष्टी कुणाशी बोलता येत नाहीत, पण लिहून ठेवलेल्या बऱ्या. उद्या काही भलतंसलतं झालंच, तर हाताशी असावं.

मुद्दा असा, की आमची पोर ठकी काहीतरी लपवतेय. आता पंधरा पूर्ण झाली. माझ्याशी तिचे तीनच शब्द उरलेत: हो, नाही, माहीत नाही. आणि खोलीत गेली की एकटीच फिदीफिदी हसते. मी बसमध्ये तिकिटं तपासतो, एकवीस वर्षं झाली. चढलो की मला मानेवरून कळतं. तिकीट असलेला माणूस मान वळवून माझ्याकडे बघतो, नसलेला खिडकीबाहेर बघत बसतो. मी खोलीत गेलो की ठकी खिडकीबाहेर बघते.

आज ती अंघोळीला गेली होती, टॅब उघडाच होता. मी हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं. "गच्ची" नावाचा कुठला तरी बँड आहे, तोंडाला फडकी बांधून गाणारी तीन पोरं. त्यांच्यासाठी वेडी झालेली आपल्याच शहरातली पोरंपोरी एका ग्रुपमध्ये जमतात आणि स्वतःला "गच्चीकर" म्हणवतात. आडनाव असल्यासारखं! वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "अठराच्या वरच्यांना प्रवेश नाही." म्हणजे मोठ्यांना बंदी. का बरं? ठकीचं नाव तिथे "रातकिडा" आहे. हा तमाशा तिनेच सुरू केलाय असं दिसतं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, पोरीशी सरळ बोला ना एकदा."

सरळ बोलून कुणी कधी कबूल झालंय का?

मंगळवार, ३ सप्टेंबर

मी आत शिरलो! नाव घेतलं "मस्तीखोर". वय पंधरा. प्रवेशाचा अर्ज करावा लागतो, तो मी नीट लिहिला. "माननीय व्यवस्थापक, मला गच्ची हा बँड मनापासून आवडतो. तरी कृपया प्रवेश द्यावा. कळावे." तासाभरात उत्तर आलं, "हात मिळाला. वर ये."

ह्यांचा नियम असा: गच्चीवर चढताना वरून कुणीतरी हात द्यावा लागतो. म्हणजे आतल्या कुणीतरी नव्याची हमी घ्यायची. नवा खोटा निघाला तर त्याला "जिना दाखवतात", आणि हात देणाराही त्याच्याबरोबर खाली जातो. हात कुणी दिला हे फक्त दोघांना दिसतं, एक रातकिडा आणि दुसरी "लोणी" नावाची पोर. नियम चांगला आहे, आमच्या डेपोतसुद्धा चालेल. पण पाळतो कोण? ना ओळख, ना पाळख, कुणीतरी बावळटाने मला हात देऊन टाकला.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

नवं गाणं आलं. सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं ठरलेलं, म्हणजे गाणं यादीत वर चढतं म्हणे. मी लावलं, आवाज बंद केला आणि फोन उशीखाली सारला. मग बढाई मारली, "सर्वांना नमस्कार. मी आवाज पूर्ण बंद करून दहा वेळा ऐकले. उत्तम आहे."

झालं! पोरं तुटून पडली. आवाज बंद ठेवला तर ऐकणं मोजलंच जात नाही, हे म्हणे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लोणी म्हणाली, "आणि हा काय पत्र लिहितोय का? तू नक्की पंधराचा आहेस ना रे?" तेवढ्यात रातकिडा मध्ये पडला, म्हणजे पडली. "जाऊ दे ना. त्याची शाळा खूप कडक आहे, सगळे असंच लिहितात."

वाचलो. पण कमाल आहे पोरीची! अनोळखी मुलाची बाजू घेते, त्याची शाळासुद्धा स्वतःच ठरवून टाकते. इतकी भोळी राहिली तर जगात कसं व्हायचं हिचं?

मग आवाज चालू करून ते गाणं एकदा ऐकलं. तपासासाठी.

बुधवार, ११ सप्टेंबर

शाळा सुटायच्या वेळच्या बसमध्ये एक मुलगी सापडली. खिडकीबाहेर बघणारी. पासवरचा फोटो लहानपणचा, केस वेगळे, काही पत्ता लागेना. माझी एक साधी युक्ती आहे. पास हातात धरायचा आणि नाव विचारायचं. स्वतःचं नाव सांगायला कुणाला वेळ लागत नाही, दुसऱ्याचं असलं की अडखळतो. हिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मान लालेलाल. एक अक्षर बाहेर पडेना. मी म्हटलं, "तोंड नाही का? नाव सांग." लोक हसायला लागले. ती दप्तर उचलून उतरूनच गेली. पास माझ्याकडे राहिला, तो मी डेपोत जमा केला. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

ग्रुपवर आज विशेष नाही. "कंदील" नावाचा एक मेंबर आहे, त्याने लिहिलंय, "आज शाळेतून चालत घरी आले. पायांपेक्षा बाकीचंच जास्त दुखतंय." असली भारदस्त वाक्यं! स्वल्पविराम जिथल्या तिथे. पंधरा वर्षांचं पोर असं लिहितं होय? स्वतःला मुलगी म्हणवतो. नोंद करून ठेवली.

जेवणानंतर रातकिड्याने सगळ्यांना लिहिलं, "ज्यांच्या गोळ्या असतील त्यांनी घ्या. विसरू नका." काय दिवस आलेत! ह्या वयात पोरांना गोळ्या. अरबटचरबट खाण्याचे परिणाम, दुसरं काय? त्यावरून मला माझी ब्लडप्रेशरची गोळी आठवली, ती घेतली.

शनिवार, १४ सप्टेंबर

आज रातकिड्याने स्वतः गाऊन टाकलं. तेच नवं आलेलं गाणं.

"दार लागलं तरी गच्ची उघडी असते,
पायऱ्या मोजू नकोस, वर ये."

मी डेपोच्या कँटीनमध्ये होतो. कानाला फोन लावला आणि चहा तसाच राहिला. आमची ठकी गाते? कधीपासून? घरात मी कधी हा आवाज ऐकलेला नाही. मी लिहिलं, "छान. फार छान गातेस. तुझ्या घरच्यांना अभिमान वाटत असेल."

मग तिचं उत्तर आलं, "माहीत नाही. ते कधी बोलत नाहीत."

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, डोळ्यांत काय गेलं?" म्हटलं, धूळ.

आणि आता एक वेगळाच संशय मला खातोय. ती त्या मस्तीखोरशी फार मऊ बोलते. त्याची बाजू घेते, रोज गुड मॉर्निंग करते, "जेवलास का" विचारते. पंधराव्या वर्षी एखाद्या मुलावर जीव जडायला कितीसा वेळ लागतो? ह्या मस्तीखोरवर लक्ष ठेवायला हवं, असं मनात आलं आणि मग लक्षात आलं की तो मीच. जीव भांड्यात पडला. तरीही पूर्ण नाही पडला. मी नसतो, दुसरा कुणी असता तर?

सोमवार, १६ सप्टेंबर

दुसरा कुणी आहे. कंदील.

जुना मेंबर आहे, पहिल्या दिवसापासूनचा, त्यामुळे त्याला कुणाचा हात लागलेला नाही. सगळ्यांनी आपापले आवाज टाकलेत, ह्याचा एकही नाही. रातकिड्याला विचारतो काय, तर "घरी नीट आहे ना? बाबा अजून तसेच गप्प असतात?" तुला काय करायचंय रे तिच्या बाबाशी? एखादा चाळिशीतला माणूस खुर्चीत रेलून हे टाइप करतोय, हे मला डोळ्यांसमोर दिसतं. खोटं नाव, खोटं वय, लहान पोरींच्या घरातलं हळूच काढून घ्यायचं. शिसारी आली.

मी ग्रुपवर लिहिलं, "मित्रांनो, आपल्यात एक मोठा माणूस शिरला आहे असा मला दाट संशय आहे."

वणवा पेटावा तसं झालं. मागच्या वर्षी खरंच एक जण असा शिरला होता म्हणे, एका पोरीला फार छळलं त्याने. म्हणूनच ते हात देण्याचे नियम. लोणीने विचारलं, "ओळखायचं कसं?" मी युक्ती सांगितली. प्रत्येकाने आवाज पाठवायचा. आधी स्वतःचं इथलं नाव आणि आजचा वार, मग गाण्याची ओळ. वार असला की जुनं रेकॉर्डिंग खपवता येत नाही. सगळ्यांना पटलं. "मस्तीखोर, भारी डोकं आहे तुझं!"

मला स्वतःचा आवाज द्यावा लागेल हा विचार मनात आला, नाही असं नाही. पण तपासनिसाकडे कुणी तिकीट मागतं का?

मंगळवार, १७ सप्टेंबर

मागितलं. लोणी सकाळपासून हात धुऊन मागे लागली होती. "सगळ्यांचे आले. कंदील आणि मस्तीखोर राहिलेत." मी सांगितलं माइक बिघडलाय. ती म्हणाली, बहाणे नकोत. बसमध्ये मी दोन जणांची तिकिटं न बघताच पुढे गेलो.

मग रातकिड्याने लिहिलं, "मस्तीखोरचा आवाज मला मिळालाय. मी ऐकला. बरोबर आहे."

मी काहीही पाठवलेलं नाही! ठकी सरळसरळ खोटं बोलली, आपल्या माणसांशी, आणि तेही एका परक्या पोरासाठी. का? माझं डोकं चालेना. रात्री जेवताना मी तिच्याकडे बघत होतो. तीही एकदा माझ्याकडे बघत होती. मान वळवून, सरळ. मग म्हणाली, "मीठ द्या."

चार शब्द झाले आता तिचे. पाच म्हणू, "द्या" धरून.

गुरुवार, १९ सप्टेंबर

कंदिलाला जिना दाखवला. मी मागणी लावून धरली, पोरं घाबरलेली होतीच. रातकिडा एकटाच नाही म्हणत राहिला. "मी तिला ओळखते. ती आवाज देत नाही त्याला कारण आहे." मी विचारलं, "कोणते कारण? सांगावे." रातकिडा म्हणाला, "ते सांगणं माझं काम नाही." असं कुठे असतं का? लोणीने मतं घेतली. संपलं.

छातीवरचं ओझं उतरलं. एका पोरीचा बाप म्हणून जे करायला हवं होतं ते केलं.

ठकी जेवली नाही.

शुक्रवार, २० सप्टेंबर

ही दारातच उभी होती. मला बूटही काढू दिले नाहीत. "पोर दुपारपासून रडतेय. जाऊन विचारा. आणि तपासायला जाऊ नका, विचारायला जा."

ठकीच्या दाराशी गेलो. आतून टॅबवर लावलेला कुणाचा तरी आवाज येत होता. हात दारावर ठेवला तो तसाच राहिला.

एक मुलगी स्वतःचं नाव सांगत होती. "कं" म्हणाली आणि अडकली. पुन्हा "कं". श्वास घेतला की तोही ऐकू यायचा. पुन्हा "कं". इतका वेळ स्वतःचं नाव सांगायला कुणाला लागतो? शेवटी कसंबसं "कंदील" बाहेर आलं. "शुक्रवार"ला तेवढाच वेळ. आणि मग ती गायला लागली. एक अक्षर अडलं नाही. धुऊन काढल्यासारखा आवाज. पायऱ्या मोजू नकोस, वर ये.

लाल झालेली मान मला आठवली. "तोंड नाही का?"

ती तीच. दप्तर उचलून उतरलेली, चालत घरी गेलेली. बसमध्ये तोंडातून शब्द फुटत नव्हता म्हणून ती ग्रुपवर भरभरून लिहीत होती, स्वल्पविराम देऊन. बोलायची तेवढीच जागा होती तिला. दोन्हीकडून मीच उतरवली.

मी दार वाजवलं नाही. ठकीने तो आवाज ग्रुपवर टाकलाय. खाली कुणी काहीच लिहिलेलं नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

सुट्टी घेतली. सकाळी दोघी बाहेर गेल्यावर बाथरूमचं दार लावलं, कारण तिथे आवाज बरा लागतो असं वाटलं. चार वेळा घेतलं आणि पुसलं. पाचव्यांदा पाठवून दिलं. असं बोललो:

"मी मस्तीखोर नाही. मी एक्कावन्न वर्षांचा आहे. बसमध्ये तिकिटं तपासतो. आज शनिवार. तुमच्यात शिरलेला मोठा माणूस मी आहे. कंदील खरी आहे, तिला परत घ्या. तिचा पास मी काढून घेतला होता, तोही तिला मिळेल. मला माफ करा."

आणि गाण्याची ओळ म्हटली. नियम होता ना.

ठकीचं नाव घेतलं नाही. तिला त्रास नको. तिचा बाप असला उद्योग करतो हे कुणाला कळायला नको. मी एकटा खाली उतरेन, ती वर राहील, असं मला वाटलं होतं.

दुपारी लोणीचं लिहिलेलं आलं. शब्द न् शब्द असा: "कंदील परत वर आली आहे, आम्ही सगळे तिची माफी मागतो. मस्तीखोरला जिना. ज्याने त्याला हात दिला त्यालाही जिना, नियम सगळ्यांना सारखा. हात रातकिड्याने दिला होता. रातकिडा, आम्हाला खूप वाईट वाटतंय."

खाली रातकिड्याची एकच ओळ. "मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. नियम मीच केलाय. जाते."

मग पडद्यावर काही उरलं नाही.

"कळावे" लिहिलं होतं मी. अर्जाखाली "कळावे" लिहिलं होतं! पंधरा वर्षांचा मुलगा. आणि ती कडक शाळा, आणि त्या गोळ्या. सगळ्या पोरांना कुठल्या आल्यात गोळ्या? अरे देवा! एकवीस वर्षं लोकांच्या माना वाचतोय मी.

तिने उभी केलेली गच्ची. माझ्यामुळे गेली.

बुधवार, २५ सप्टेंबर

डेपोतून पास सोडवून घेतला. तिथला क्लार्क म्हणाला, "तुम्हीच जमा करता आणि तुम्हीच परत मागता?" म्हटलं, हो, चूक झाली. एकवीस वर्षांत तो शब्द त्याने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला असणार, तोंडाकडे बघत बसला.

त्याच बसला चढलो. ती मागच्या सीटवर होती, सुट्टे पैसे देऊन काढलेलं तिकीट मुठीत धरून. मी पास पुढे केला. नाव विचारलं नाही. म्हटलं, "माझी चूक झाली, बेटा. तुझाच आहे हा." सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हटलं, कारण हसली होती ती सगळी बस.

तिने पास घेतला, माझ्याकडे निरखून पाहिलं. आवाज ओळखला असावा. बोलायला लागली. बराच वेळ गेला. ड्रायव्हरने स्टॉप आला तरी दार उघडलं नाही, मी हाताने थांब म्हटलं होतं.

"तुम्ही," ती म्हणाली, आणि पुन्हा बराच वेळ गेला, "फार बेसूर गाता."

"खरं आहे," मी म्हटलं.

ती हसली. उतरल्यावर काचेतून हात केला.

शनिवार, २८ सप्टेंबर

आठवडा झाला, ठकी बोलत नाही. ते तीन शब्दही गेले. शाळेतून येते, खोलीत जाते. आतून हसणं ऐकू येत नाही. आधी त्या हसण्याचाच मला संशय यायचा. आता दारापाशी रेंगाळतो, की येईल म्हणून.

मी तीन-चारदा बोलायला गेलो आणि भलतंच बोलून आलो. "पंखा नीट चालतो ना?" "दप्तर जड आहे का?" ही नुसती कपाळाला हात लावते.

आज जेवण झालं. भांडी आवरली. मी फोन हातात घेऊन बसलो होतो, नुसता, काही येणार नव्हतं त्यावर. ही म्हणाली, "गोळी घेताय ना रोज?" म्हटलं, हो. खरं तर आठवडाभर एकही घेतली नव्हती. आठवणच राहिली नाही.

थोड्या वेळाने ठकी बाहेर आली. हातात पाण्याचा पेला आणि गोळ्यांचं पाकीट. पाकीट तिने माझ्यासमोर धरलं आणि मोजायला लागली.

"शनिवारपासूनच्या सगळ्या तशाच आहेत," ती म्हणाली. "खोटं बोलता."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. मग मान वळवली.

"ठके, तू मला हात का दिलास?"

ती लगेच बोलली नाही. मीही घाई केली नाही, आताशा मला थांबता येतं.

"वाटलं, दोन दिवसांत कंटाळून जाल," ती म्हणाली. "मग तुम्ही छान म्हणालात. इथे कधी म्हणाला नव्हतात. मग म्हटलं, राहू देत."

म्हटलं, "इथे कधी ऐकूच आलं नाही गं. म्हणशील का एकदा?"

"आज नाही," ती म्हणाली. "मी अजून रागावलेली आहे."

"बरं."

"खूप रागावलेली आहे."

"बरोबर आहे तुझं."

तिने पेला माझ्या हातात दिला आणि मी गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहिली.